धनी परत येईपर्यंत : गोव्यात नव्याने आलेल्या मराठी ख्रिस्ती कुटुंबांसाठी

साष्टीतल्या किंवा बार्देशातल्या जुन्या वाड्यावरून, म्हणजे वस्तीतून, चालत गेलात तर बंद घरं हमखास दिसतात. धनी लिस्बनला, लंडनला, नाहीतर आखातात. किल्ल्या केअरटेकरकडे, आणि हा केअरटेकर बरेचदा आपल्याच बाजूचा निघतो : दोडामार्गचा, चंदगडचा, बेळगावचा. धनी कधी येणार, असं त्याला विचारलं तर सांगतो, "काय ठाऊक? फोन आला की कळेल." पण मे संपायच्या आत त्याने कौलं परतून घेतलेली असतात. भर पावसातही उघडीप मिळाली की खिडक्या उघडून तो कपाटांवरची बुरशी पुसतो. पंचायतीची घरपट्टी आणि विजेचं बिल भरून पावत्या बिस्किटाच्या डब्यात ठेवतो. दुसऱ्या प्रकारचे केअरटेकरही असतात. धनी काय आज-उद्या येत नाही, असं म्हणून ते शनिवार-रविवार तेच घर पर्यटकांना देतात आणि पैसे खिशात घालतात.

लूकच्या बाराव्या अध्यायात येशूने सांगितलेला कारभाऱ्याचा दाखला नेमका हाच आहे. धनी आला तेव्हा चांगला कारभारी काय करत होता? घरच्या माणसांना वेळेवर शिधा देत होता. आणि वाईट कारभारी? "धन्याला उशीर लागतोय" असं मनाशी म्हणून तो नोकरांना मारझोड करत होता, खाऊनपिऊन तर्र होत होता. दोघांनाही वेळ ठाऊक नव्हती. एकाने माणसांचं ज्याचं त्याला वेळेवर दिलं, एकाने दिलं नाही, इतकाच फरक.

नोकरीधंद्यासाठी गोव्यात आलेल्या मराठी ख्रिस्ती कुटुंबांसाठी हे लिहितो आहे. कोणी नगरकडचे सीएनआयचे (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया), कोणी मुक्तिफौजेतले, कोणी कोल्हापूर-मिरजेचे, कोणी वसईचे कॅथलिक. कोणी नुकताच विश्वास धरलेला आणि घरात एकटाच. प्रभू पुन्हा येणार हे सगळेच मानतात. तोवर गोव्यात राहून काय करायचं, ते क्रमाने सांगतो.

पहिलं काम : तारखा सांगणाऱ्यांना रजा द्या

इथे आलात की आठवड्याभरात तुम्ही दोन-तीन व्हॉट्सअॅप गटांत असाल, आणि त्यातल्या एकात तरी युद्धाच्या किंवा ग्रहणाच्या बातमीबरोबर "या वर्षी नक्की" असा संदेश येईलच. हे नवीन नाही. अमेरिकेत विल्यम मिलरच्या अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ ही तारीख धरली होती. त्या भरवशावर कित्येकांनी शेतातलं उभं पीक कापायचं सोडून दिलं. अलीकडे हॅरल्ड कॅम्पिंगने २१ मे २०११ सांगितली. तो दिवस आला आणि गेला.

मत्तय २४:३६ मध्ये येशू स्पष्ट सांगतो की तो दिवस आणि ती घटका पित्याशिवाय कोणालाही ठाऊक नाही. प्रेषितांची कृत्ये पुस्तकाच्या पहिल्याच अध्यायात शिष्य आभाळाकडे बघत उभे राहतात, तर त्यांना विचारणा होते की बघत काय उभे राहिलात. संदेश पुढे पाठवू नका. पाठवणाऱ्याशी गटात वाद घालू नका, त्याला फोन करा. बहुतेक वेळा त्या माणसाला कसली तरी भीती असते, आजारपणाची नाहीतर नोकरी जाण्याची, आणि ती गटात बोलून दाखवता येत नाही.

येण्याचा क्रम कसा असेल यावर मंडळ्यांत मतभेद आहेत. विश्वासणारे आधी उचलले जातील आणि मग संकटाचा काळ येईल, ही मांडणी एकोणिसाव्या शतकात जॉन नेल्सन डार्बी आणि त्यांच्या सोबत्यांमुळे पसरली. कॅथलिक चर्च ती शिकवत नाही, बऱ्याच जुन्या प्रॉटेस्टंट मंडळ्याही शिकवत नाहीत. पण "जिवंतांचा व मेलेल्यांचा न्याय करावयास तो पुन्हा येईल" हे बहुतेक मंडळ्यांत रविवारी उभं राहून म्हणतात. नव्या माणसाने तेवढं घट्ट धरावं. बाकीचं सवडीने.

मंडळी शोधताना

पवित्र शास्त्र बरोबर असेलच. गाव सोडताना मंडळीचं पत्र, बाप्तिस्म्याचा दाखला आणि लग्नाचा दाखलाही बरोबर घ्या. मुलाचा बाप्तिस्मा, लग्न, दफन यांतलं काहीही इथे करायची वेळ आली तर हे कागद लागतात, आणि ऐन वेळी गावच्या पाळकसाहेबांना फोन करून मागवायचे म्हणजे धावपळ.

२०११ च्या जनगणनेनुसार गोव्यात सुमारे २५ टक्के लोक ख्रिस्ती आहेत, बहुतेक कॅथलिक. त्यांची मिस्सा, म्हणजे उपासना, कोकणीत किंवा इंग्रजीत. मराठी उपासना तुलनेने थोड्या, आणि त्याही बरेचदा भाड्याच्या हॉलमध्ये किंवा कोणाच्या तरी दिवाणखान्यात. तुम्ही कॅथलिक असाल तर प्रश्न सोपा : जवळच्या चर्चमध्ये फादरना भेटून नाव नोंदवा आणि वाड्यावरच्या लहान ख्रिस्ती समूहात जायला लागा. कोकणी पहिल्या महिन्यात निम्मी कळते, दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत बोलता येते. मराठी-कोकणीच्या वादात मात्र पडू नका. तो आपल्या येण्याच्या फार आधीपासून चालू आहे. मराठी ही ख्रिस्ती माणसाची भाषा नव्हे असं कोणी म्हणालंच, तर फादर थॉमस स्टीफन्सचं ओवीबद्ध ख्रिस्तपुराण १६१६ साली इथेच रायतूरला छापलं गेलं, एवढं हसत सांगा आणि चहा घ्या.

प्रॉटेस्टंट असाल तर एकदम सभासद होऊ नका. तीन-चार रविवार नुसते जाऊन बसा आणि तीन गोष्टी पाहा. वचनाचा अर्थ सांगतात की नुसत्या आरोळ्या? पाळकाला प्रश्न विचारलेला चालतो का? आणि वर्षाचे हिशोब सगळ्यांसमोर वाचतात का? तिसऱ्या प्रश्नावर गडबड दिसली तर गायन कितीही गोड असो, पुढे चला.

हॉटेलात किंवा शॅकवर (किनाऱ्यावरच्या हंगामी उपाहारगृहात) काम असेल तर रविवारची सुट्टी मिळणार नाही. त्यातून आगमनकाळाचे चार रविवार, म्हणजे प्रभूच्या येण्याची वाट बघायचे खास दिवस, बरोबर डिसेंबरच्या गर्दीत येतात. कॅथलिकांना शनिवारी संध्याकाळची मिस्सा रविवारची म्हणून चालते. इतरांनी आपली साप्ताहिक सुट्टी ज्या वारी असेल त्या वारी दोन-तीन सहकाऱ्यांबरोबर तासभर बसावं. मंगळवारी सकाळी सहाला खोलीवर बसून एक अध्याय वाचणं, एक गीत आणि प्रार्थना, एवढं पुरतं. पाळकाला कळवून ठेवा, म्हणजे प्रभुभोजनासाठी तो कधीतरी त्या वेळेला येईल.

घरचा हिशोब

इथे थोडा जास्त वेळ काढतो, कारण गोव्यात आलेल्या माणसाची घडी याच जागी विस्कटते.

गोव्याची कमाई वर्षभर सारखी नसते. ३१ मेला शॅकचा सीझन संपतो. १ जून ते ३१ जुलै ट्रॉलरची मासेमारी बंद. टॅक्सी, खोल्या, मसाज, भाड्याच्या स्कूटर, सगळं पावसात थंड. आणि शाळेची फी, वह्या, रेनकोट, गावी पेरणीला पाठवायचे पैसे, हे सगळं नेमकं जूनमध्ये. जानेवारीत हातात नोटा खेळतात तेव्हा हा जून कोणाला दिसत नाही.

करिंथच्या मंडळीला पौलाने फार व्यवहारी सल्ला दिला होता : आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने आपल्या मिळकतीप्रमाणे काही बाजूला काढून ठेवावं. यात दोन गोष्टी आहेत. एक म्हणजे ठरलेला दिवस, दुसरी मिळकतीप्रमाणे. वेर्ण्याच्या कारखान्यात महिन्याचा ठरलेला पगार असेल तर काम सोपं. सीझनवर जगणाऱ्याने मात्र पैसा हातात आला त्याच दिवशी चार पाकिटं करावीत : देवाचं, घरचं, पावसाळ्याचं, गावचं. खरीखुरी कागदाची पाकिटं, बाहेर पेनाने नाव लिहून. मोबाईलवर सगळी रक्कम एकत्रच दिसते आणि एकत्र दिसली की खर्च होते.

समजा जानेवारीत ३०,००० रुपये मिळाले आणि जुलैत ९,०००. दशांश द्यायचा ठरवलं असेल तर जानेवारीत ३,००० आणि जुलैत ९००. "महिन्याला अमुक देईन" असं जानेवारीच्या उत्साहात कबूल करू नका, जुलैत ते जड जातं आणि मग माणूस मंडळीला तोंड दाखवायचं टाळतो. पावसाळ्याच्या पाकिटात नोव्हेंबर ते एप्रिल दर महिन्याला ६,००० टाकले तर ३६,००० जमतात. ते जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत वाटले की महिन्याला ९,००० चा टेकू मिळतो. रकमा तुमच्या तुम्ही बसवा, पण मांडणी ही ठेवा.

सावकाराचं व्याज चालू असेल तर? माझं मत सांगतो, काही पाळकांना ते पटणार नाही. आधी ते कर्ज फेडा. त्या काळात अर्पण थोडं द्या, अगदी दहा रुपये द्या, पण सोडू नका. गरीब विधवेने जवळची दोनच नाणी दान दिली, ती गोष्ट सांगून गरिबाच्या खिशातला शेवटचा रुपया काढणारे भेटतात. त्यांना मार्कचा बारावा अध्याय थोडा अलीकडून वाचायला सांगा. त्या विधवेच्या लगेच आधी येशू विधवांची घरं गिळणाऱ्या शास्त्र्यांवर बोलतो आहे.

आता कॅसिनो. मांडवीतल्या त्या दिव्यांच्या बोटींवर २०२० पासून गोमंतकीयांना खेळायला बंदी आहे. म्हणजे दार आपल्यासारख्यांनाच उघडं, खिशात महाराष्ट्राचं आधार कार्ड असलेल्यांना. पहिल्यांदा मित्राबरोबर "नुसतं बघायला" म्हणून जाणं होतं. जाऊ नका. दारू इथे स्वस्त आणि पावलोपावली. घरात कोणाला ती सुटत नसेल तर प्रार्थना करा आणि त्याच आठवड्यात अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसची सभा शोधा, गोव्यात त्या होतात. दोन्ही करण्यात विश्वासाची कमतरता नाही.

ज्यांचं आपण देणं लागतो

याकोबाच्या पत्रातला पाचवा अध्याय गमतीशीर आहे. सातव्या ओवीत शेतकरी जसा पावसाची वाट बघतो तसं प्रभूच्या येण्यापर्यंत धीर धरा, असं येतं. हे वचन फलकावर लिहायला सगळ्यांना आवडतं. तीनच ओव्या मागे काय आहे? तुमच्या शेतातलं पीक कापणाऱ्यांची अडवून ठेवलेली मजुरी ओरडते आहे. ती ओवी फलकावर कोणी लिहीत नाही.

गोव्यात मराठी माणूस बरेचदा मधल्या पायरीवर असतो : मुकादम, सुपरवायझर, छोटा ठेकेदार, हॉटेलचा कॅप्टन. खाली विजापूरचा गवंडी असतो, झारखंडची पोरं असतात, घरकामाला येणारी बाई असते. प्रभूची वाट बघणारा माणूस कोणता, हे त्यांना आपल्याकडून कळतं. मजुरी शनिवारी म्हणजे शनिवारीच. "बिल पास झालं नाही" हे कारण त्याच्या मुलांच्या जेवणाला चालत नाही. टिप्स वाटताना भांडी घासणाऱ्याचाही वाटा काढा. मोलकरणीला ख्रिसमसला साडी देता, छान. पण तुम्ही गावी गेलात त्या पंधरा दिवसांचा पगार कापता का, ते आधी बघा.

थेस्सलनीकामधल्या काही लोकांनी प्रभू येणारच म्हणून कामधंदा सोडला होता. पौलाने त्यांना सुनावलं, जो काम करायला तयार नाही त्याने खाऊही नये. काम सोडून रोज उपासाच्या सभा करणारा एखादा तरुण भेटला तर त्याला तेवढं पत्र वाचायला द्या.

मंडळीचा पैसा

लहान मंडळीत विश्वासाने सगळं चालतं, म्हणूनच घोटाळे लहान मंडळीत जास्त होतात. घोटाळा करणारा दर वेळी चोर असतो असंही नाही. पाळकाच्या खात्यात पैसे जमा होतात, घरभाडं थकतं, "पुढच्या महिन्यात भरतो" म्हणून उचल होते, आणि वर्षाने कोणालाच आठवत नाही की मंडळीचं किती आणि घरचं किती. पौलासारखा माणूस यरुशलेमेसाठी जमवलेली देणगी एकटा नेत नव्हता. आपल्याला कोणी बोट लावू नये म्हणून मंडळ्यांनी नेमलेली माणसं बरोबर घेऊन जात होता. करिंथकरांच्या दुसऱ्या पत्रात आठव्या अध्यायात त्याने तसं लिहूनच ठेवलं आहे.

तुम्ही नवीन असाल तरी हिशोबाच्या कामाला हात लावा, नवी नजर उपयोगी पडते. थैली किंवा पेटी उपासना संपताच तिथेच उघडायची, दोघांनी मोजायची, आणि ते दोघे एका घरातले नकोत. नोटांचा तपशील कागदावर, दोघांच्या सह्या. सोमवारी बँकेत भरणा. क्यूआर कोडवर स्कॅन केल्यावर कोणाचं नाव येतं ते पाहा. न्यासाचं किंवा संस्थेचं नाव यायला हवं, पाळकाचं किंवा त्याच्या बायकोचं नव्हे. तीन महिन्यांनी जमाखर्चाचा कागद फलकावर लागला पाहिजे, त्यात पाळकाचं मानधनही. ते बाकी पुरेसं द्या. उपाशी पाळक आणि चोख हिशोब फार दिवस एकत्र राहत नाहीत.

गोव्यात एक जादा भानगड आहे. उपासनेला परदेशी पाहुणा येतो, भारावून जातो आणि पेटीत नोट टाकतो. परकीय नागरिकाने दिलेलं दान, मग ते रुपयांत दिलेलं असलं तरी, २०१० च्या विदेशी अंशदान कायद्याखाली येतं. त्या कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसलेल्या संस्थेला ते घेता येत नाही. म्हणून पेटी फिरायच्या आधी पाहुण्यांना नम्रपणे सांगून टाका की अर्पण भारतीय नागरिकांकडूनच घेतो, तुम्ही बरोबर जेवायला थांबा. बोटीवर किंवा आखातात काम करणाऱ्या भारतीय पासपोर्टवाल्या भावाने आपल्या कमाईतून बँकेमार्फत पाठवलेल्या पैशांची गोष्ट वेगळी, ते परकीय दान धरलं जात नाही. गोव्यात पोर्तुगीज पासपोर्ट घेतलेलेही पुष्कळ, त्यामुळे पासपोर्ट कुठला ते विचारा. आणि करसवलतीची पावती देणाऱ्या संस्थेने २,००० रुपयांच्या वरची रक्कम रोख घेऊन "सवलत मिळेल" असं सांगू नये, ती मिळत नाही.

"अमुक रकमेचं बीज पेरा, दुप्पट मिळेल" असं कोणी म्हणालं तर उठून चालू पडा.

घर किंवा जमीन द्यायची असेल तर

म्हातारपणी कोणाला वाटतं, घर मंडळीला द्यावं. गोव्यात पोर्तुगीज काळापासूनची नागरी संहिता चालत आली आहे. ती ज्यांना लागू आहे त्यांच्या बाबतीत नवरा-बायकोची मालमत्ता साधारणपणे सामाईक असते, एकाने परस्पर लिहून देता येत नाही, आणि मुलं असतील तर निम्मा वाटा त्यांच्यासाठी राखीव राहतो. महाराष्ट्रातून आलेल्यांना कोणता कायदा लागतो हे प्रत्येकाच्या परिस्थितीवर आहे. पाळकाच्या ओळखीच्या वकिलाकडे न जाता आपल्या ओळखीच्या वकिलाकडे जा, आणि मुलांना आधी सांगा.

साक्ष द्यायची, पण कशी

आता ज्या कामासाठी नव्या विश्वासणाऱ्याचे हात शिवशिवत असतात ते. मुद्दाम शेवटी ठेवलं आहे, कारण शनिवारची मजुरी थकवणाऱ्याची सुवार्ता कोण ऐकणार?

गोवा म्हणजे सोलापूर किंवा नांदेड नव्हे. इथे येशूचं नाव कोणाला नवं नाही. शेजारच्या कॅथलिक आजीच्या घरात पिढ्यानपिढ्या रोज तेर्स, म्हणजे रोझरीची प्रार्थना, होतो. तिच्या हातात "तुमचं तारण झालं आहे का?" असं पत्रक ठेवणं म्हणजे सरळ अपमान. दुसरी बाजूही ध्यानात ठेवा. १५६० ते १८१२, मधली काही वर्षं सोडली तर, इथे धर्मन्यायालय (इन्क्विझिशन) होतं. देवळं पाडली गेली, लोक देव घेऊन नद्या ओलांडून अंत्रुजला, म्हणजे आजच्या फोंड्याकडे, गेले. फोंड्यातल्या कुटुंबांना हे आजही पाठ आहे. त्यामुळे इथे "धर्मांतर" हा शब्द नुसता पेपरात वाचायचा नाही, घरात सलणारा आहे. याचा मान राखल्याशिवाय तोंड उघडू नये.

कायद्याचं थोडक्यात. घटनेच्या २५ व्या कलमाने आपला धर्म पाळण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क दिला आहे. सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या मर्यादेत. सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये सांगितलं की प्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही. म्हणजे आपला विश्वास सांगता येतो, समोरच्याला ओढता येत नाही. पैसे, नोकरी, शाळाप्रवेश यांचं आमिष तर स्वप्नातही नको. "आमच्या सभेत या, कॅन्सर बरा होईल" असली जाहिरात केलीत तर १९५४ चा जादूटोण्यासारख्या इलाजांच्या जाहिरातींविरुद्धचा कायदा लागू शकतो. प्रार्थना जरूर करा, पण टीबीच्या रुग्णाला "विश्वास धर, गोळ्या सोड" असं सांगणारा त्याला मारतो. तो उपचार साधारण सहा महिन्यांचा, मध्येच सोडला तर जंतू औषधाला दाद देईनासे होऊ शकतात. रात्री दहा ते सकाळी सहा लाऊडस्पीकर बंद. पार्टीवाले पाळत नाहीत म्हणून आपण मोडायचा नाही.

मग करायचं काय? पेत्र म्हणतो, तुमच्या ठायी जी आशा आहे तिचं कारण कोणी विचारलं तर सौम्यतेने उत्तर द्या. म्हणजे कोणाला तरी विचारावंसं वाटलं पाहिजे. गोव्यात मराठी माणसाला त्यासाठी काही जागा तयार आहेत.

पहिली बांबोळीचं गोमेकॉ, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजचं सरकारी इस्पितळ. सावंतवाडी, दोडामार्ग, कुडाळ, खानापूरकडून रुग्ण तिथे येतात. बरोबर आलेला नातेवाईक प्लॅस्टिकच्या पिशवीत कागद घेऊन खिडकीपाशी उभा असतो. परराज्यातल्या रुग्णांच्या फीचे आणि योजनांचे नियम वेगळे असतात, कोणता कागद हवा ते त्याला समजत नाही, आणि रांग सोडून चहाला गेला तर नंबर जातो. तुम्ही जाताना थर्मास, चार कप, चार्जर, पेन आणि कोरे कागद न्या. रांगेत त्याच्या जागी उभे राहा, तो जेवून येईल. कार्यालयात विचारून नियम माहीत करून घ्या आणि मराठीत समजावून सांगा. रक्त द्या. वॉर्डात जायचं तर परवानगी काढूनच. आणि तिथे पत्रक नाही, उपदेश नाही. माणूस खाटेवर पडलेला असताना तो आपल्याला "नको" म्हणू शकत नाही, म्हणून त्याला विचारूच नये. त्याने स्वतःहून प्रार्थना करायला सांगितली तर हलक्या आवाजात दोन वाक्यांत करा.

दुसरी जागा, ती बंद नसलेली मोठी घरं. मुलगा तारवटी (बोटीवर कामाला), मुलगी कॅनडात, आणि घरात ऐंशीची आई एकटी. तिला गॅस सिलिंडर लावून देणारा, बँकेत घेऊन जाणारा, नुसता गप्पा मारणारा हवा असतो. कॅथलिक चर्चच्या व्हिन्सेंट द पॉल सोसायटीसारख्या संस्था हे काम कधीपासून करतात. वेगळा गट काढायच्या आधी त्यांच्या लोकांना जाऊन विचारा, हात कुठे कमी पडतात. "देव बरें करूं" म्हणतील आणि कामाला लावतील.

तिसरी, मुलांचा अभ्यास. झुवारीनगर, बायणा, म्हापशाच्या आसपास स्थलांतरितांची मुलं मराठी प्राथमिक शाळेत जातात आणि घरी वाचून घेणारं कोणी नसतं. आठवड्यातून दोन संध्याकाळी वाचन-गणित घ्या. पालकांची लेखी संमती, दार उघडं, कायम दोन मोठी माणसं हजर, त्यात एक बाई. अभ्यासाच्या वर्गात शब्बाथ शाळा (मुलांचा बायबलचा वर्ग) गुपचूप घुसवायची नाही. तीही चालवायची असेल तर वेगळ्या दिवशी, पालकांना सांगून. मुलावर अत्याचार झाल्याचं कळलं तर ते मंडळीत मिटवायचं नसतं. २०१२ च्या पॉक्सो कायद्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, १०९८ वर फोनही करता येतो.

आणि नोव्हेंबरअखेर जुन्या गोव्याचा रस्ता. संत फ्रान्सिस झेवियरच्या ३ डिसेंबरच्या फेस्तासाठी सिंधुदुर्ग, बेळगाव, कारवारकडून लोक चालत येतात, त्यात हिंदूही असतात. प्रॉटेस्टंट माणसाला अवशेषांच्या दर्शनाविषयी जे वाटतं ते वाटो. फोड आलेल्या पायाला त्या चर्चेचा उपयोग नसतो. पाणी, मलमपट्टी आणि बसायला दोन खुर्च्या घेऊन उभे राहा.

शेजारधर्माचं म्हणाल तर चवथीला हिंदू शेजारी नेवऱ्या (करंज्या) देईल, ख्रिसमसला तुमच्याकडून ताट जायला हवं. प्रसाद घ्यावा की नाही यावर प्रत्येक मंडळीत वाद आहे. करिंथकरांच्या पहिल्या पत्राचे आठवा आणि दहावा अध्याय वाचून आपलं ठरवा. जे ठरेल ते चारचौघांत नाक मुरडून दाखवू नका, एवढंच.

कोणी खरोखरच विचारलं, "तुम्ही हे का करता?" तर काय सांगायचं ते आधी घरी बोलून बघा. दोन मिनिटं, आपल्या शब्दांत, "हालेलुया"ची फोडणी न घालता. माझ्या आयुष्यात काय होतं, येशूने काय केलं, आणि तो परत येऊन हिशोब मागणार आहे असं मी मानतो. इथे थांबा. त्याला पुढे विचारायचं असेल तर तो विचारेल.

गोवा सोडताना

बदली होते, बोटीवर नोकरी मिळते, गावी आई आजारी पडते. इथली बरीच माणसं दोन-चार वर्षांत हलतात, आणि मंडळीचं काम अधांतरी राहतं ते अशाच वेळी. निघायचं ठरल्याबरोबर पाळकाला सांगा. हिशोबाची वही शेवटच्या नोंदीपर्यंत पुरी करून दोघांसमोर द्या, हॉलची किल्ली, पावतीपुस्तक आणि मुलांच्या संमतिपत्रांची फाईलही. व्हॉट्सअॅप गटाचा अॅडमिन दुसऱ्याला करा. ज्या आजीकडे दर गुरुवारी जात होतात तिच्याकडे नव्या माणसाला एकदा स्वतः घेऊन जा, नाहीतर ती दार उघडणार नाही. बँकेत सही बदलायला जुन्या आणि नव्या दोन्ही सहीवाल्यांना बहुधा एकत्र जावं लागतं, ठरावाची प्रत आणि ओळखपत्रं घेऊन. त्यासाठी कामाच्या दिवसाची अर्धी रजा आधीच टाकून ठेवा.